भरवसा अल्लाहवर, नाते माणसांशी

(तरुण-तरुणींच्या एकदिवसीय शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)





संयोजकांनी मला विषयाची चिठ्ठी दिली, तिच्यावर एवढेच लिहिले होते : माणसांनी निराश केले तर अल्लाहवर भरवसा कसा ठेवावा? मी शाळेत शिकवते आणि संध्याकाळी आमच्या मोहल्ल्यातील अभ्यासिकेत बसते. तिथे हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्यासमोर येतो. एखाद्याने कॉलेजच्या फीसाठी साठवलेले पैसे मित्राला उसने दिले आणि मित्राने फोन उचलणे बंद केले. एखादीची मंगनी झाली आणि देण्याघेण्यावरून मोडली. नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या नातेवाइकाने कुणाला वर्षभर फिरवले. कुणी शहरात भाड्याची खोली पाहिली, पसंत केली, अनामत द्यायला गेला, नाव सांगितले आणि घरमालक म्हणाला, "खोली आत्ताच गेली."

मग ही मुले-मुली माझ्यासमोर बसतात आणि म्हणतात, "आपा, आता कुणावर विश्वास नाही. फक्त अल्लाहवर."

वाक्य ऐकायला ईमानाचे वाटते. पण ते बोलणाऱ्याचा चेहरा मी जवळून पाहिला आहे. नाव अल्लाहचे असते, राग माणसांवर असतो. त्या मुलाने मोबाइलमधले अर्धे नंबर ब्लॉक केलेले असतात. जुमाच्या नमाजला तो शेवटच्या सफमध्ये उभा राहतो आणि सलाम फिरवला की कुणाशी नजर न मिळवता निघून जातो. कुणी मदत मागितली तर म्हणतो, "मला कुणी दिली होती?" मित्रांनो, हा तवक्कुल नाही, हा रुसवा आहे. रुसवा येणे माणसाचे आहे, त्यात गुन्हा नाही. पण रुसव्यालाच आपण तवक्कुल म्हणू लागलो तर तो कधी उतरतच नाही, कारण त्याला आपण इबादतीचा दर्जा दिलेला असतो.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. अल्लाहवरचा भरवसा माणसांकडे पाठ फिरवण्यासाठी नाही. माणसांनी दुखावल्यानंतरही त्यांच्यात राहून चांगले वागता यावे, यासाठी तो आहे.

वकीलपत्र दिले, पण तारीख आपलीच

तवक्कुल हा शब्द आणि मराठीत आपण रोज वापरतो तो 'वकील' हा शब्द, दोन्ही एकाच अरबी धातूपासून आले आहेत. अल्लाहच्या नावांपैकी एक नाव अल-वकील आहे. ज्याच्या हाती आपले प्रकरण सोपवून निर्धास्त व्हावे तो वकील. कोर्टात आपण वकीलपत्रावर सही करतो तेव्हा काय होते? आपले म्हणणे कसे मांडायचे, याचा भार वकिलावर जातो. पण कोर्टाने बोलावले की हजर आपल्यालाच राहावे लागते. कागद आपल्यालाच आणून द्यावे लागतात. साक्ष आपल्यालाच द्यावी लागते. वकीलपत्र दिले आहे म्हणून कुणी समन्स आले तरी घरी झोपून राहत नाही.

दुनियेतला वकील खटला हरू शकतो, विकलाही जाऊ शकतो. अल्लाहच्या बाबतीत ती भीती नाही. म्हणून तवक्कुल करणाऱ्याचे मन शांत असते आणि हातपाय मात्र कामात असतात. आपल्याकडे पुष्कळदा उलटे दिसते. हातपाय थंड आणि मन मात्र पेटलेले.

उहुदच्या दुसऱ्या दिवशी

पवित्र कुरआनात तवक्कुलचा उल्लेख अनेक ठिकाणी आहे. त्यातील एक आयत आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे, सूरह आले इमरानमधील १५९वी. निर्णय पक्का केलास की अल्लाहवर भरवसा ठेव, असा तिचा शेवटचा भाग आपण लग्नाच्या, परीक्षेच्या, व्यापाराच्या वेळी एकमेकांना ऐकवतो. पण ही आयत कोणत्या प्रसंगी उतरली, हे आपण विसरतो.

हिजरी सन ३, म्हणजे इसवी सन ६२५. मक्केचे सैन्य मदीनेवर चालून आले होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे स्वतःचे मत शहरात राहून लढावे असे होते. बद्रच्या लढाईत सहभागी होण्याची संधी हुकलेल्या तरुणांनी बाहेर जाऊन लढण्याचा आग्रह धरला. आपण (स.) यांनी सल्ला मानला. निघाले तेव्हा सुमारे एक हजार लोक होते. वाटेतच अब्दुल्लाह बिन उबई सुमारे तीनशे लोकांना घेऊन परत फिरला. उहुदच्या मैदानात एका टेकडीवर पन्नास तिरंदाज ठेवले आणि त्यांना स्पष्ट सांगितले की काहीही झाले, आम्ही जिंकलो किंवा हरलो, तरी जागा सोडायची नाही. लढाई जिंकल्यासारखी दिसताच त्यातले बहुतेक जण माल गोळा करायला खाली उतरले. त्यांचे प्रमुख हजरत अब्दुल्लाह बिन जुबैर (र.) त्यांना थांबवत राहिले, मोजक्या साथीदारांसह तिथेच थांबले आणि तिथेच शहीद झाले. मागून हल्ला झाला. सुमारे सत्तर सहाबा शहीद झाले, त्यात प्रेषितांचे चुलते हजरत हमजा (र.) होते. स्वतः प्रेषितांच्या चेहऱ्याला जखम झाली, दात तुटला.

आता विचार करा. ज्यांचा सल्ला ऐकला त्यांच्या आग्रहाने मैदानात आले, ज्यांना टेकडी सोपवली त्यांनी टेकडी सोडली, आणि काही जण तर ऐन लढाईत पळून गेले. निराश होण्याचे याहून मोठे कारण कोणते असेल? अशा वेळी आयत उतरते, आणि ती काय सांगते? आधी सांगते की तुम्ही त्यांच्याशी मृदू वागलात ही अल्लाहची कृपा आहे. कठोर असता तर हे लोक पांगले असते. मग क्रमाने सांगते : त्यांना माफ करा, त्यांच्यासाठी क्षमेची दुआ करा, आणि कामांमध्ये त्यांचा सल्ला घ्या. त्यानंतर निर्णय, आणि त्यानंतर तवक्कुल.

ज्यांच्या सल्ल्यामुळे शहराबाहेर पडावे लागले, त्यांचाच पुन्हा सल्ला घ्या, असे अल्लाह सांगत आहे. आपण मात्र आयतीचा शेवट घेतो आणि आधीची तीन कामे गाळतो. माफी नको, दुआ नको, सल्ला तर नकोच, थेट तवक्कुल हवा.

आणखी एक. तुमच्यापैकी किती जणांच्या स्टेटसवर 'हसबुनल्लाह' असते? कुणी दुखावले की आपण तेच लावतो. अल्लाह आम्हाला पुरेसा आहे, असा त्याचा अर्थ. याच सूरहमध्ये थोडे पुढे हे बोल येतात. अनेक मुफस्सिरांनी त्यांचा संबंध उहुदनंतरच्या प्रसंगाशी लावला आहे. लढाईच्या दुसऱ्याच दिवशी प्रेषितांनी शत्रूच्या पाठलागासाठी हमराउल असदपर्यंत कूच केली. बरोबर कोणाला घेतले? नवी, ताजी माणसे नाही. आदल्या दिवशी उहुदला जे होते, त्यांनाच. जखमी, हरलेले, खजील झालेले लोक. त्या लोकांच्या तोंडचे हे बोल आहेत. ते एकट्याने दार लावून म्हटलेले नाहीत. एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून चालताना म्हटलेले आहेत.

पण इथे एक फरक लक्षात ठेवा. टेकडीवरून उतरलेले तिरंदाज आणि वाटेतून परत फिरलेला अब्दुल्लाह बिन उबई यांना कुरआनाने एका तराजूत तोललेले नाही. पहिल्यांचा पाय घसरला होता, त्यांना माफी आहे. दुसऱ्यांचा दुटप्पीपणा कुरआनाने उघड केला. म्हणजे माफ करणे म्हणजे डोळे मिटणे नाही. कोण चुकले आणि कोणी दगा दिला, हे ओळखायलाच हवे.

याकूब (अ.) यांनी कोणाला पाठवले?

उहुद ही जमातीची गोष्ट झाली. घरातल्या माणसांनी दुखावले तर? त्यासाठी सूरह यूसुफ वाचा, आणि या वेळी यूसुफ (अ.) यांच्याऐवजी त्यांच्या वडिलांकडे लक्ष देऊन वाचा.

मुले यूसुफला खेळायला नेतात, विहिरीत टाकतात आणि रात्री रडत घरी येतात. सदऱ्यावर खोटे रक्त असते. बाप ओळखतो. स्पष्ट म्हणतो की ही गोष्ट तुमच्या मनाने रचलेली आहे. मग म्हणतो की आता उत्तम सब्र, आणि अल्लाहचीच मदत. पुढे कितीतरी वर्षे जातात. दुष्काळ पडतो. तीच मुले म्हणतात, धान्य आणायचे आहे, धाकट्या भावाला आमच्याबरोबर पाठवा. याकूब (अ.) काय करतात, ते नीट पाहा. आधी विचारतात की याच्या भावाच्या बाबतीत ठेवला होता तसाच विश्वास आता याच्याही बाबतीत ठेवू का? अल्लाहच उत्तम रक्षणकर्ता आहे, हेही म्हणतात. एवढ्यावर थांबत नाहीत. मुलांकडून अल्लाहच्या नावाने पक्का करार घेतात. मग सगळे एकाच दरवाजाने जाऊ नका, वेगवेगळ्या दरवाजांनी जा, अशी सूचना देतात. आणि तिथेच म्हणतात की अल्लाहपुढे माझे काही चालणार नाही, माझा भरवसा त्याच्यावर आहे.

शंका, करार, खबरदारी आणि तवक्कुल, चारही गोष्टी एका बापाच्या तोंडी, एकापाठोपाठ. एकीने दुसरी बाद होत नाही.

आणि तरीही दुसरा मुलगाही परत येत नाही. तेव्हा त्यांचा जुना घाव उघडतो. ते मुलांकडून तोंड फिरवतात, यूसुफसाठी हाय हाय करतात. दुःखाने डोळे पांढरे पडतात. हे लक्षात घ्या, कारण आपल्याकडे रडणाऱ्याला लगेच सांगतात, "रडतोस काय, ईमान कमजोर आहे का?" अल्लाहच्या एका नबीचे डोळे रडून गेले आणि कुरआनाने ते ईमानाच्या कमजोरीखाली नोंदवलेले नाही. मुले टोकतात की तुम्ही यूसुफची आठवण काढत झिजून जाल. त्यावर त्यांचे उत्तर ८६व्या आयतीत आहे : माझ्या दुःखाचे गाऱ्हाणे मी फक्त अल्लाहकडे मांडतो.

आपण बहुतेक इथेच पुस्तक मिटतो. पुढची आयत वाचायची राहते. ८७व्या आयतीत तेच याकूब (अ.) म्हणतात, मुलांनो, जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका.

कोणाला म्हणत आहेत? त्याच मुलांना. ज्यांनी विहिरीत टाकले, त्यांनाच शोधायला पाठवत आहेत. गाऱ्हाणे अल्लाहकडे आणि काम त्याच माणसांकडून. आणि यूसुफ सापडले तेही याच मुलांच्या पायांनी. बापाने मुलांशी बोलणे कायमचे टाकले असते, तर मिसरला गेले कोण असते?

लिहून घ्या

आता कुणी म्हणेल, आपा, म्हणजे फसवणाऱ्यावर पुन्हा डोळे झाकून विश्वास ठेवायचा? मुळीच नाही. कुरआनातील सर्वांत मोठी आयत कोणत्या विषयावर आहे, माहीत आहे? ती सूरह बकरामधील २८२वी आयत आहे, आणि ती उसनवारीच्या लिखापढीवर आहे. मुदतीचे देणे असेल तर लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका. त्याने संशयाला जागा उरत नाही, असे कारणही तिथेच दिले आहे.

ज्या ग्रंथात अल्लाहवर भरवसा ठेवा असे वारंवार सांगितले आहे, त्याच ग्रंथातील सर्वांत मोठी आयत माणसांशी लेखी व्यवहार करा असे सांगते. आपल्या घरांत मात्र "भावाभावांत काय लिहायचे?" म्हणून दुकान सुरू होते आणि पाच वर्षांनी त्याच भावांची तोंडे दोन दिशांना असतात. मित्राला पैसे देताना तारखेसह चार ओळी लिहून घेणे हा अविश्वास नाही. ती मैत्रीची राखण आहे. तसेच, नाव ऐकून खोली नाकारली, हक्काचा पगार बुडवला, शिष्यवृत्तीचा अर्ज अडवला, तर तक्रार करणे, अर्ज करणे, वकील गाठणे हे तवक्कुलच्या विरोधात नाही. आणि घरात मारहाण होत असेल, कुणी इज्जतीवर हात टाकत असेल, तर तिथे "सब्र कर" एवढे सांगून मुलीला परत पाठवणाऱ्यांनी सब्रचा अर्थ समजून घेतलेला नाही. आधी तिला सुरक्षित जागा द्या.

मदत कोणत्या दाराने येईल?

माणूस दुखावला की त्याची नजर एकाच बंद दारावर खिळते. ताइफचा प्रसंग तुम्हाला ठाऊक आहे. हजरत खदीजा (र.) आणि चुलते अबू तालिब गेल्यानंतर प्रेषित (स.) मोठ्या आशेने ताइफला गेले आणि दगड खाऊन परतले. पण परतल्यावर मक्केत प्रवेश कसा मिळाला, हे आपण कमी सांगतो. शहरात यायला कुणाचे तरी संरक्षण हवे होते. दोघांकडे निरोप पाठवला, दोघांनी नकार दिला. तरी तिसऱ्याकडे निरोप पाठवला. मुतइम बिन अदी यांनी होकार दिला आणि मुलांसह हत्यारे घेऊन काबागृहापाशी उभे राहिले. मुतइम मुसलमान नव्हते आणि शेवटपर्यंत झाले नाहीत. प्रेषित ते उपकार विसरले नाहीत. बद्रच्या कैद्यांविषयी ते म्हणाले होते की आज मुतइम हयात असते आणि त्यांनी शब्द टाकला असता, तर मी या सर्वांना सोडून दिले असते.

आमची अभ्यासिका सुरू करायची होती तेव्हा मोहल्ल्यातील एका मोठ्या माणसाने रिकामा हॉल देण्याचा शब्द दिला होता. आम्ही टेबल-खुर्च्यांसाठी वर्गणी जमवली, मुलांची नावे लिहून घेतली. ऐन वेळी त्यांनी हॉल जास्त भाड्याने दुसऱ्याला दिला. शेवटी जागा मिळाली ती पलीकडच्या आळीतील एका निवृत्त गुरुजींच्या माडीवर. खाली त्यांच्या देवघरात सांजवात लागायची आणि वर आमची मुले पाढे म्हणायची. सहा वर्षे भाड्याचा एक रुपया त्यांनी घेतला नाही. अल्लाह कोणाच्या हाताने देईल, हे आपण ठरवत नाही. आपण फक्त तिसरे दार ठोठवायचे असते.

आपला हात आखडू नये

आणि सर्वांत अवघड भाग. हजरत अबू बकर (र.) आपल्या एका गरीब नातेवाइकाला, हजरत मिस्तह (र.) यांना, नियमित खर्च देत असत. हजरत आयशा (र.) यांच्यावर खोटे कुभांड रचले गेले, तेव्हा ते पसरवणाऱ्यांमध्ये मिस्तहही सामील झाले. ज्याला पोसले, त्यानेच मुलीच्या चारित्र्यावर बोट ठेवले. अबू बकर (र.) यांनी शपथ घेतली की आता याला काही देणार नाही. कोणता बाप घेणार नाही? पण सूरह नूरची २२वी आयत उतरली. ज्यांना संपन्नता लाभली आहे त्यांनी नातेवाइकांना, गरिबांना न देण्याची शपथ घेऊ नये, माफ करावे, आणि मग एक प्रश्न : अल्लाहने तुम्हाला माफ करावे, असे तुम्हाला वाटत नाही का? अबू बकर (र.) म्हणाले, का नाही वाटत! आणि खर्च पुन्हा सुरू केला.

ज्यांनी हॉल दिला नाही, त्यांची नात आज आमच्या अभ्यासिकेत येते. दहावीला आहे. गणितात कच्ची आहे, म्हणून तिला मी रोज अर्धा तास जादा बसवते. त्या माणसाचे वागणे बरोबर होते असे मी म्हणत नाही. पण आम्हाला जागा मिळाली नाही याचा हिशेब त्या मुलीकडून वसूल करायचा नाही, हे आम्ही ठरवले आहे.

मित्रांनो, दुखावलेल्या माणसापुढे हा खरा धोका असतो. लोक आपल्याशी वाईट वागले हे एक नुकसान. त्यामुळे आपणही तसेच झालो, तर ते दुसरे आणि मोठे नुकसान. पहिले आपल्या हातात नसते, दुसरे असते. हिजरतच्या रात्री ज्यांनी घराला वेढा घातला होता, त्या मक्केच्या लोकांच्या ठेवी प्रेषितांकडे होत्या. हजरत अली (र.) यांना मागे ठेवून त्या ज्याच्या त्याला परत केल्या. ते लोक कसे वागले, यावरून अमानतीचा हिशेब बदलला नाही.

म्हणून आज घरी जाताना तीन गोष्टी घेऊन जा. ज्याने दुखावले त्याचे गाऱ्हाणे मोहल्लाभर करण्याआधी इशाच्या नमाजनंतर अल्लाहसमोर करा, नाव घेऊन, सविस्तर, रडू आले तर रडून. दुसरे, जो व्यवहार अडकला आहे त्याचे कागद काढा, लिहा, विचारा, हक्क मागा. तिसरे, एक ब्लॉक केलेला नंबर निवडा, ज्याने दगा दिला नाही, ज्याचा फक्त पाय घसरला होता, आणि त्याला सलाम पाठवा. मन फारच खचले असेल, जगण्यातच अर्थ वाटत नसेल, तर घरातील जाणत्या माणसाशी बोला, डॉक्टरकडे जा. औषध घेणे हाही तवक्कुलचाच भाग आहे.

अल्लाह आपल्याला त्याच्यावर खरा भरवसा ठेवण्याची, माणसांशी न्यायाने व मायेने वागण्याची, आणि ज्यांनी कुणी आपल्यावर भरवसा ठेवला आहे त्यांना निराश न करण्याची तौफिक देवो. आमीन.